नवीन फोनवरचे ४के व्हिडिओ पीसीवर अडकतात, आवाज मात्र नीट चालतो. कारण काय असेल?

काजवा:

नमस्कार मंडळी, घरच्या पीसीवर व्हिडिओ बघताना एक त्रास सुरू झालाय, कोणाला काही सुचतंय का बघा. डेस्कटॉप आहे, आय५ सहावी जनरेशन, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज १०. इतकी वर्षं व्हिडिओ बघण्यापुरता हा पीसी पुरून उरत होता. आता घरात नवीन फोन आलाय आणि त्याच्यावर काढलेले व्हिडिओ पीसीवर घेतले की आवाज अगदी सरळ चालतो पण चित्र मध्येच थिजतं, मग आवाजाला गाठायला एकदम धावत सुटतं, परत थिजतं, शेवटपर्यंत हेच. रंग पण फिकट दिसतात, फोनवर जे छान भरलेलं दिसतं ते इथे राखाडी.

विचित्र म्हणजे त्याच फोनवरचे अगदी सुरुवातीचे काही व्हिडिओ, तेही ४केच आहेत, ते व्यवस्थित चालतात. आणि अडकणारा व्हिडिओ कोणी व्हॉट्सॲपवर पाठवला की तो पण मस्त चालतो. यूट्यूब १०८०पी ला ठीक आहे, १४४०पी केलं की अडखळतं, नेटचा प्रश्न वाटत नाही कारण ते गोल चक्र फिरत नाही, नुसतं चित्र अडकतं.

विचारलं तर एक जण म्हणाला हार्डडिस्क जातेय, एसएसडी टाका, दुसरा म्हणाला कोडेक पॅक (वेगवेगळ्या प्रकारचे व्हिडिओ उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरचा गठ्ठा) टाका, तिसरा सरळ फॉरमॅट मारा म्हणाला. पीसी एचडीएमआयने टीव्हीला जोडलाय, आईबाबांना हे व्हिडिओ मोठ्या स्क्रीनवर बघायचे असतात म्हणून सुटायला हवंय. पैसे घालायच्या आधी नक्की कारण कळलं तर फार बरं होईल.

गवतफूल:

व्हीएलसी मध्ये चालवून बघितलंत का? विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरला बरेच फॉरमॅट कळत नाहीत, एचईव्हीसी नावाच्या नव्या प्रकारच्या व्हिडिओसाठी तर त्यांच्या स्टोअरवरून वेगळं एक्स्टेन्शन विकत घ्यावं लागतं. नाहीतर एखादा चांगला कोडेक पॅक टाका, माझं काम त्यानेच झालं होतं.

काजवा:

व्हीएलसीच वापरतोय, त्यातच अडकतं. विंडोजचा प्लेअर तर उघडतच नाही, एक्स्टेन्शन घ्या म्हणतो.

सुतारपक्षी:

काजवा, कोडेक पॅक टाकू नका प्लीज, निदान आत्ता तरी. व्हीएलसीत सगळे डीकोडर, म्हणजे व्हिडिओ उलगडणारे भाग, आतच असतात, तो बाहेरचा पॅक वापरत पण नाही, त्यामुळे तुमच्या केसमध्ये उपयोग शून्य आणि वर सिस्टीममध्ये ढवळाढवळ. गवतफूल यांचं काम झालं असेल कारण त्यांचा प्लेअर वेगळा असणार, आणि त्यांच्याकडे व्हिडिओ उघडतच नसणार. उघडत नाही आणि उघडतो पण अडकतो हे दोन अगदी वेगळे आजार आहेत, पहिल्यात डीकोडरच नसतो, दुसऱ्यात डीकोडर असतो पण मशीनला वेळेत काम उरकत नाही. तुमचं दुसरं आहे.

हार्डडिस्कचं पण पटत नाही. फोनवरचा ४के ६० फ्रेमचा व्हिडिओ साधारण सेकंदाला ५०-६० मेगाबिट धरा, म्हणजे ७ मेगाबाईटच्या आसपास. धडधाकट हार्डडिस्क सेकंदाला १०० मेगाबाईट सहज वाचते. डिस्क जात असती तर व्हॉट्सॲपवालाही कधीतरी अडकला असता, पीसी चालू व्हायला वेळ लागला असता, फोल्डर उघडताना मशीन गप्प बसलं असतं. मनात शंका असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून डिस्कची तब्येत बघून घ्या, दोन मिनिटांचं काम, पण माझा रोख तिकडे नाही.

माझा संशय वेगळा आहे, पण आधी बघा आणि मग बोलू. दोन गोष्टी करा. अडकणारा व्हिडिओ व्हीएलसीत लावा आणि कंट्रोल धरून J (जे) हे अक्षर दाबा, कोडेकची, म्हणजे व्हिडिओ कुठल्या पद्धतीने दाबून भरलाय त्याची, माहिती येते. त्यात कोडेकपुढे काय लिहिलंय, रिझोल्यूशन, फ्रेम रेट आणि डीकोडेड फॉरमॅटच्या ओळीत कुठे १० बिट असं दिसतंय का ते इथे लिहा. त्याच खिडकीत स्टॅटिस्टिक्सचा टॅब आहे, तिथे लॉस्ट फ्रेम्सचा आकडा वाढत जातोय का तेही बघा. मग हेच सगळं नीट चालणाऱ्या जुन्या व्हिडिओचं पण बघा, कारण दोघांतला फरक कळला की उत्तर त्यातच आहे.

दुसरं, व्हिडिओ चालू असतानाच टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जाऊन खाली जीपीयू वर क्लिक करा. तिथे चार छोटे आलेख असतात, त्यातला एक व्हिडिओ डीकोड नावाचा. तो हलतोय की जमिनीला चिकटून बसलाय? आणि त्या वेळी सीपीयू किती टक्के? हे कळल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका, फॉरमॅट तर अजिबात नको.

तिरपी_रेघ:

मध्येच विचारते, माझ्याकडे चित्र अडकत नाही पण आवाज आणि ओठ जुळत नाहीत, तो पण याचाच भाग आहे का? ब्लूटूथ स्पीकर आहे.

सुतारपक्षी:

ताई तुमचं वेगळं आहे, सांगतो नंतर. आधी यांचे आकडे येऊ द्या.

काजवा:

बघितलं सगळं. अडकणारा व्हिडिओ: कोडेक एमपीईजी-एच पार्ट २ / एचईव्हीसी, ३८४० बाय २१६०, फ्रेम रेट ५९.९४ च्या आसपास, डीकोडेड फॉरमॅटमध्ये १० बिट आहे, आणि कलर प्रायमरीजपुढे बीटी.२०२० असं काहीतरी लिहिलंय. लॉस्ट फ्रेम्स सरसर वाढतात. सीपीयू १०० ला टेकलेला, व्हिडिओ डीकोडचा आलेख सपाट.

जुना नीट चालणारा: कोडेक तोच एचईव्हीसी, रिझोल्यूशन तेच, फ्रेम रेट ३०, १० बिट कुठेच लिहिलेलं नाही. यात सीपीयू जेमतेम १०-१५ टक्के आणि व्हिडिओ डीकोडचा आलेख छान वर गेलेला.

व्हॉट्सॲपवाला एच.२६४ आहे आणि रिझोल्यूशन बरंच लहान. नाव तर तिन्हीच्या शेवटी एमपी४ च आहे, मग एवढा फरक कसा?

सुतारपक्षी:

वा, एवढं नीट बघितलंत त्यामुळे आता अंदाज करायची गरजच नाही उरली.

एमपी४ हा नुसता डबा आहे हो, आत काय भरलंय ते झाकणावरून कळत नाही. आतला व्हिडिओ एच.२६४ असेल, एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५ असेल, त्याहून नवा एव्ही१ पण असू शकतो. एच.२६४ हे २००३ चं, गेल्या बऱ्याच वर्षांतल्या बहुतेक कुठल्याही मशीनला झेपतं. एचईव्हीसी २०१३ चं, तेवढ्याच क्वालिटीला साधारण निम्मी जागा घेतं म्हणून फोनवाल्यांना आवडतं, पण उलगडायला खूप जास्त गणित लागतं. म्हणून ते गणित करायला चिपमध्ये वेगळं सर्किट दिलेलं असतं, हार्डवेअर डीकोडर म्हणतात तो, तुमच्या जीपीयूच्या आलेखात व्हिडिओ डीकोड म्हणून जो दिसला तोच. त्याने काम घेतलं तर प्रोसेसर आरामात बसतो. नाही घेतलं तर सगळं प्रोसेसरच्या डोक्यावर.

आता तुमची सहावी जनरेशन. तिच्यात एचईव्हीसीची पूर्ण हार्डवेअर सोय आहे पण ८ बिटपुरती. १० बिटसाठीची पूर्ण सोय सातव्या जनरेशनपासून आली, जी डेस्कटॉपला २०१७ च्या सुरुवातीला मिळाली, म्हणजे अगदी एका पायरीने हुकलंय तुमचं. म्हणूनच जुना ४के व्हिडिओ झकास चालतो आणि नवीन चालत नाही. नवीन व्हिडिओ १० बिट आणि बीटी.२०२० (रंगांचा जास्त रुंद पल्ला) आहे याचा अर्थ फोनच्या कॅमेऱ्यात मधल्या काळात एचडीआर व्हिडिओ, म्हणजे उजेड आणि रंगांचा जास्त मोठा पल्ला टिपणारा, चालू झालाय, आणि ३० च्या जागी ६० फ्रेमही. ८ बिटमध्ये लाल हिरवा निळा प्रत्येकाच्या २५६ छटा, १० बिटमध्ये १०२४. ४केच्या एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल, सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे जवळजवळ ५० कोटी पिक्सेल दर सेकंदाला उलगडून दाखवायचे आणि प्रत्येक फ्रेमला मिळतात जेमतेम १६.७ मिलिसेकंद. चार कोअरच्या जुन्या प्रोसेसरला ते वेळेत होत नाही, फ्रेम उशिरा तयार होते, प्लेअर ती टाकून देतो, पण आवाज उलगडणं किरकोळ काम असल्यामुळे तो सरळ चालत राहतो. तुम्हाला दिसतंय ते थिजणं आणि धावणं हेच आहे.

रंग फिकट दिसण्याचं मूळही तेच. एचडीआरचे रंग साध्या स्क्रीनच्या आवाक्यात बसवून घ्यावे लागतात, ते नीट झालं नाही की सगळं राखाडी दिसतं. दोन तक्रारी वाटत होत्या पण कारण एकच आहे.

काजवा:

अरे बापरे, किती सोपं करून सांगितलंत, खूप आभार. फोनमध्ये बघितलं, एचडीआर खरंच चालू आहे, घरात सगळेच तो फोन हाताळतात त्यामुळे कधी झालं माहीत नाही. बंद केलं आणि ३० फ्रेमवर ठेवलं, एक छोटा व्हिडिओ काढून पीसीवर घेतला, अगदी लोण्यासारखा चाललाय आणि रंग पण बरोबर. पण मधल्या काळात काढलेले भरपूर व्हिडिओ आहेत, त्यांचं काय करू? ग्राफिक्स कार्ड घ्यावंच लागेल का?

बोरू:

थांबा, कार्ड घ्यायच्या आधी एक विचारतो. टीव्ही ४के आहे का? असेल तर पीसी मध्ये आणूच नका. ४के टीव्हीत १० बिट एचईव्हीसीचा हार्डवेअर डीकोडर बहुतेक असतोच, व्हिडिओ पेनड्राईव्हवर टाका, टीव्हीच्या मागे यूएसबीत लावा आणि टीव्हीच्याच प्लेअरने चालवा. टीव्ही एचडीआरवाला असेल तर रंगही फोनवर दिसतात तसे मिळतील. फक्त पेनड्राईव्ह फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल त्यावर जाणार नाही, कॉपी करतानाच नको म्हणेल, आणि ४के चे व्हिडिओ मोठे असतात. एक्सफॅट करून घ्या, पण आधी टीव्हीच्या माहितीपत्रकात एक्सफॅट चालतं का बघा, नाहीतर एनटीएफएस.

आणि अजून एक, हे कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. सहाव्या जनरेशनच्या बहुतेक बोर्डांवरचा एचडीएमआय १.४ असतो, त्यातून ४के फक्त ३० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं, बाहेर पडतं. म्हणजे समजा उद्या व्हिडिओ छान डीकोड व्हायला लागला तरी ६० फ्रेमच्या व्हिडिओतली प्रत्येक दुसरी फ्रेम स्क्रीनवर येणारच नाही, कॅमेरा आडवा फिरला की झटके दिसतील, माऊस पण ओढल्यासारखा वाटेल. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्डला जाऊन रिफ्रेश रेट बघा. ३० दिसला तर रिझोल्यूशन १०८०पी करा म्हणजे ६० मिळेल. सोफ्यावर बसून बघणाऱ्या माणसाला १०८०पी आणि ४के मधला फरक फारसा जाणवत नाही, झटके मात्र लगेच जाणवतात.

काजवा:

खरंच ३० च होता!! मला वाटायचं टीव्हीच तसा आहे. १०८०पी ६० केलं, माऊससुद्धा हलका झाला. टीव्ही ४के आहे, आजच पेनड्राईव्ह लावून बघतो.

सुतारपक्षी:

बोरू यांनी एकदम कामाचं सांगितलं, एचडीएमआयचं माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. आईबाबांसाठी पेनड्राईव्हचाच मार्ग सगळ्यात चांगला.

तरीही पीसीवर चालायला हवे असतील तर हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फास्ट १०८०पी३० हा प्रीसेट घ्या, तो ८ बिट एच.२६४ बनवतो. फिल्टर्समध्ये जाऊन कलरस्पेस बीटी.७०९ (साध्या स्क्रीनचे रंग) निवडा, नाहीतर फिकट रंग तसेच्या तसे नवीन फाईलमध्ये उतरतील, बरेच जण ही पायरी विसरतात आणि मग सॉफ्टवेअरला दोष देतात. आधी एकच छोटा व्हिडिओ करून बघा, पटला तर बाकीचे रांगेत लावून रात्रभर चालू द्या, या प्रोसेसरवर वेळ लागेल. आणि एक कळकळीची विनंती, रूपांतर झालं म्हणून मूळ व्हिडिओ उडवू नका. ते घरच्या माणसांचे आहेत, परत काढता येणार नाहीत, आणि पुढे मागे पीसी बदलला की तेच मूळ व्हिडिओ पूर्ण रंगात, पूर्ण बारकाव्यात बघता येतील. बाहेरच्या हार्डडिस्कवर एक प्रत ठेवा, जमलं तर दोन.

रूपांतराचा कंटाळा असेल तर एमपीव्ही प्लेअर बघा. तो एचडीआरचे रंग साध्या स्क्रीनवर बरेच बरे बसवतो. अडकणं मात्र त्याने जाणार नाही, प्रोसेसर तोच आहे. त्यात व्हिडिओ चालू असताना I (आय) हे अक्षर दाबलं की किती फ्रेम सुटल्या, हार्डवेअर डीकोड चालू आहे का, सगळं स्क्रीनवरच दिसतं.

कार्डचं म्हणाल तर फक्त यासाठी नका घेऊ. घ्यायचंच झालं तर डीकोडर बघून घ्या, नाव आणि मेमरी बघून नाही. जीटी ७१० सारखी जुनी कार्डं अजून विकली जातात, त्यांच्यात एचईव्हीसीचा डीकोडरच नाही, घालून काहीही फरक पडणार नाही. जीटी १०३० ला १० बिट एचईव्हीसी येतं पण एव्ही१ येत नाही. एव्ही१ हवं तर एनव्हीडियाची आरटीएक्स ३० मालिका किंवा पुढची, इंटेलचं आर्क, किंवा एएमडीची आरएक्स ६००० मालिका, पण त्यातली ६४०० आणि ६५०० एक्सटी सोडून, त्या दोघांत एव्ही१ नाहीये.

आता यूट्यूब. तिथे चालू व्हिडिओवर राईट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स घ्या, कोडेक्सच्या ओळीत एव्ही०१ ने सुरू होतंय की व्हीपी०९ ने ते बघा. यूट्यूब १०८०पी च्या वर एच.२६४ देतच नाही, व्हीपी९ (हाही एक कोडेक) किंवा एव्ही१ देतं, आणि एव्ही१ तुमच्या चिपला हार्डवेअरमध्ये येत नाही, ते अकराव्या जनरेशनपासून. एव्ही०१ दिसलं तर यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये प्लेबॅकखाली एव्ही१ चा पर्याय आहे तिथे फक्त एसडीसाठी (म्हणजे कमी रिझोल्यूशनच्या व्हिडिओंसाठी) असं निवडा. आणि ब्राउझरच्या सिस्टीम सेटिंगमध्ये ग्राफिक्स ॲक्सिलरेशन चालू आहे ना ते पण बघून घ्या, ते बंद असेल तर मशीन कितीही चांगलं असलं तरी सगळा भार प्रोसेसरवर.

गवतफूल:

मी पण कंट्रोल जे करून बघितलं, माझ्याकडे सगळं एच.२६४ आहे, पण डीकोडचा आलेख सपाटच. व्हीएलसी नवीन आहे. हे बरोबर आहे का?

सुतारपक्षी:

नाही, एच.२६४ ला आलेख हलायला हवा. व्हीएलसी ३ पासून विंडोजवर हार्डवेअर डीकोडिंग आपोआप चालू असतं. प्रेफरन्सेसमध्ये इनपुट / कोडेक्सला जाऊन ते ऑटोमॅटिकवर आहे ना बघा. असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॅप्टर उघडा. तिथे मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर असं नाव असेल तर तुमचा खरा ग्राफिक्स ड्रायव्हर (विंडोजला ग्राफिक्स चिप वापरू देणारं सॉफ्टवेअर) बसलेलाच नाहीये, फॉरमॅटनंतर हे फार वेळा होतं, स्क्रीन दिसते म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. बोर्ड किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवरून ड्रायव्हर घ्या, ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणाऱ्या भलत्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका.

गवतफूल:

बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टरच आहे! आत्ता कळलं पंखा एवढा का ओरडतो. टाकते ड्रायव्हर.

सुतारपक्षी:

तिरपी_रेघ ताई, आता तुमचं. ब्लूटूथवर आवाज नेहमी थोडा मागे राहतो, कारण तो पुन्हा कॉम्प्रेस होऊन हवेतून जातो आणि स्पीकरमध्ये उलगडतो. आधी स्पीकर काढून वायरच्या हेडफोनवर तोच व्हिडिओ बघा. जुळलं तर दोष ब्लूटूथचा, मग व्हीएलसीत J (जे) हे अक्षर दाबत जा, प्रत्येक वेळी आवाज ५० मिलिसेकंद लवकर येतो, K (के) दाबलं की तेवढाच उशिरा येतो. ओठ जुळले की थांबा. ब्राउझर बहुतेक वेळा हा उशीर धरूनच व्हिडिओ दाखवतात त्यामुळे तिथे कमी जाणवेल.

वायरवर पण जुळत नसेल आणि फरक व्हिडिओ पुढे जाईल तसा वाढत जात असेल तर मात्र फाईलमध्ये गोष्ट आहे. फोन उजेड कमी जास्त झाला की फ्रेम रेट बदलत राहतात, एडिटिंग सॉफ्टवेअरला ते कळत नाही आणि आवाज हळूहळू सरकतो. एडिट केलेला व्हिडिओ आहे का तो?

तिरपी_रेघ:

हो, एडिट केलेलाच आहे, आणि शेवटी शेवटी जास्त सरकतो. वायरवर पण तसंच.

सुतारपक्षी:

मग एडिट करायच्या आधी मूळ व्हिडिओ हँडब्रेकमधून काढा, व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट ३० आणि त्याखाली कॉन्स्टंट निवडा. ती फाईल एडिटरमध्ये घ्या. तयार झालेल्या व्हिडिओवर J आणि K दाबून उपयोग नाही, सुरुवात जुळवली की शेवट बिघडेल.

काजवा:

पेनड्राईव्हवर तोच अडकणारा व्हिडिओ टीव्हीत लावला, एकदाही थांबला नाही, रंग तर फोनपेक्षा छान. यूट्यूबला एव्ही०१ च निघालं, एसडीवर ठेवल्यावर व्हीपी०९ येतंय आणि १४४०पी बऱ्यापैकी सरळ चाललंय. जुने व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर कॉपी होतायत, ते झालं की हँडब्रेकला लावतो.